सात-बासष्टचा वाद

देवळाली कॅम्पात कॅन्टीनच्या दिवशी जमणाऱ्या माजी सैनिकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. चहाच्या टपरीवर कोपऱ्यातल्या बाकावर हवालदार कोंडाजी पगारे आणि नायब सुभेदार धोंडीराम निकम बसलेले दिसले, तर त्यांच्या शेजारी टेकायचं नाही. टेकलं की हे दोघं तुम्हाला पंच करणार, तुमचा चहा गार होणार, आणि शेवटी दोघं मिळून तुमच्यावरच उखडणार. वादाचा विषय ठरलेला होता. अतिरेक्यांशी लढायला रायफल कोणती चांगली, लांब एस.एल.आर. की आखूड ए.के.? तीस वर्षांत तो वाद मिटला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो मिटावा अशी दोघांचीही इच्छा नव्हती.

दोघं एकाच दिवशी भरती झालेले, एकाच पलटणीत वाढलेले. कोंडाजी मूळचा सिन्नरकडचा. पेन्शनीत आल्यावर नाशिकला उपनगरात त्यानं दोन खोल्या बांधल्या आणि बायको लताबाईसोबत तिथंच राहिला. धोंडीराम चांदवडला आपल्या गावी परतला आणि कांद्यात रमला. महिन्यातून एकदा तो एस.टी.नं यायचा, कॅन्टीनमधून साबण, तेल, बिस्किटं घ्यायचा, आणि आपला रमचा कोटा उचलायचा. स्वतः थेंबाला शिवत नसे. बाटली कोंडाजीच्या पिशवीत जायची, आणि कोंडाजी त्याबद्दल आभार मानायचं सोडून त्याच्या ए.के.ला शिव्या घालायचा.

तसं बघितलं तर दोन्ही रायफलींची गोळी जाडीला सात-बासष्टच, म्हणजे सात दशांश बासष्ट मिलिमीटर. पण एस.एल.आर.चं काडतूस लांब, त्यात बारूद जास्त, म्हणून गोळी दूर जाते आणि जिथं लागते तिथं माणूस उभा राहत नाही. ए.के.चं काडतूस आखूड, पल्ला कमी, पण घोडा दाबून धरला की गोळ्यांची सर सुटते.

"सर सुटते हेच पाप हाय," कोंडाजी म्हणायचा. "आपण लढत होतो कुठं? गावात. चारी बाजूंनी बायापोरं. तिथं एक गोळी, एक माणूस. एस.एल.आर. हातात असली की माणूस नेम धरतो. ए.के. हातात असली की नळी घेऊन अंगणात सडा मारतो."

"तू नेम धरशील रे पगाऱ्या," धोंडीराम म्हणायचा. "पर समोरचा थांबंल का तवर? मक्याच्या शेतात, अक्रोडाच्या बागेत, जिन्यात, वीस पावलांवर गाठ पडती. आन तुझी गोळी माणसात थांबत नाय. भिंत फोडून पल्याड जाती. पल्याड कोण निजलंय तुला काय ठावं?"

एका बाबतीत मात्र दोघांचं मत जुळायचं. मध्यंतरी हलकी पाच-छप्पनची गोळी आली, तेव्हा साहेब लोकांनी समजावलं होतं की, हिनं शत्रू जखमी होतो, मग त्याला उचलून न्यायला आणखी दोघं अडकतात. यावर दोघंही एकाच सुरात हसायचे. सरहद्दीवरच्या फौजेचं ते खरं असेल, पण अतिरेक्याला उचलायला येतंय कोण? तो जखमी झाला तरी गोळ्या संपेपर्यंत तुमच्यावर मारतच राहतो. एवढ्यावर एकमत झालं की दोघांनाही चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, आणि कोणीतरी लगेच दुसरा मुद्दा उकरून काढायचा.

काही वर्षांपूर्वी पेपरात आलं की फौजेनं पुन्हा सात-बासष्टच्या रायफली घेतल्या आहेत. एक लांब काडतुसाची, परदेशातून आणलेली, आणि दुसरी ए.के.च्याच घराण्यातली, इथं बनणारी. त्या महिन्यात दोघांनीही आपापला विजय साजरा केला. कोंडाजीनं भजी मागवली आणि धोंडीरामनं जिलेबी, दोघांनीही एकमेकांना खायला लावली, आणि पुढच्या महिन्यापासून वाद पहिल्यापेक्षा जोरात सुरू झाला.

या माघ महिन्यात धोंडीराम आला नाही. कोंडाजी बाकावर दोन चहा पिऊन बसला, तिसरा सांगावा की नाही या विचारात असताना फोन वाजला. धोंडीरामची बायको, कुसाबाई बोलत होती. धोंडीरामला अर्धांगाचा झटका आला होता. नाशिकच्या दवाखान्यात आठवडाभर ठेवून त्याला घरी आणलंही होतं.

"आन मला आता सांगताय?" कोंडाजी म्हणाला.

"त्यांनीच नको म्हनलं, भाऊजी. म्हंजी म्हनलं नाय, हातानं खुनावलं," कुसाबाई म्हणाली. "उजवा हात-पाय लुळा पडलाय. तोंड वाकडं झालंय. डॉक्टर म्हनत्यात, जीभ हलती, बोलाया पायजे. जेवढं बोलतील तेवढी सुटंल, गप राह्यले तर कायमची जड व्हईल. पर त्ये बोलतच नाय. एक शबूद नाय."

कोंडाजीला ते लगेच कळलं. परेडच्या मैदानावर या माणसाचा आवाज पार दुसऱ्या टोकाच्या लंगरखान्यापर्यंत जायचा. आचारी त्याच्या हुकमावर पोळी उलटतात, अशी पलटणीत थट्टा होती. असा माणूस आता बोबडं कसं बोलणार? लाजेनं गप्प बसला होता, दुसरं काही नाही. कोंडाजीचा जीव गलबलून गेला.

दुसऱ्याच दिवशी तो लताबाईला घेऊन चांदवडला गेला. ओट्यावरच धोंडीरामची सून तेजस्विनी भेटली. पोरगी हुशार, गोळ्यांच्या वेळा, पथ्य, सगळं तिच्याकडे.

"काका, त्यांच्याशी बोला, पण चिडू देऊ नका," ती म्हणाली. "बीपी वाढून चालायचं नाही. तुमचं ते बंदुकांचं काही काढू नका, प्लीज."

धोंडीरामला बोलतं करायचं आणि चिडू द्यायचं नाही, या दोन गोष्टी एकत्र कशा जमवायच्या हे काही तिनं सांगितलं नाही. कोंडाजीनं मान डोलावली आणि तो आत गेला.

धोंडीराम खाटेवर उशीला टेकून बसला होता. मिशा कोणीतरी नीट कातरल्या होत्या, पण एका बाजूनं ओठच खाली ओघळला होता. कोंडाजीला बघून त्याच्या डाव्या डोळ्यात क्षणभर जुनी चमक आली. आता हा येऊन काहीतरी खोडी काढणार, अशी ती वाट बघणारी नजर होती. आणि कोंडाजीनं काय करावं? तो खाटेच्या कडेवर बसला, दोस्ताचा लुळा हात हातात घेतला, आणि आयुष्यात कधी काढला नव्हता असा मऊ आवाज काढला.

"काळजी करू नकोस, सुभेदार. सगळं चांगलं व्हईल. कांदा कसा हाय? बरा दिसतो, येताना बघितला."

धोंडीराम बघत राहिला.

"आणि हे बघ," कोंडाजी म्हणाला. त्याला वाटलं, आता काहीतरी मोठं द्यावं या माणसाला. स्वतःजवळचं सगळ्यात किमती असं काहीतरी. "तुझंच बरोबर होतं. ए.के.च चांगली. मी उगाच भांडत होतो."

धोंडीरामच्या डोळ्यातली चमक गेली. त्यानं कोंडाजीकडे बराच वेळ पाहिलं, मग डाव्या हातानं आपला लुळा हात हळूच सोडवून घेतला आणि मान भिंतीकडे वळवली. दमला असेल, असं सगळ्यांना वाटलं. कोंडाजी चहा पिऊन निघाला तेव्हा आपण फार मोठ्या मनानं वागलो, या विचारानं त्याचे डोळे भरून आले होते.

चार दिवसांनी कुसाबाईचा पुन्हा फोन आला. धोंडीरामनं जेवण सोडलं होतं. तेजस्विनी चमचा तोंडाशी नेते, तो दात मिटून घेतो. शेतावर चक्कर मारून आणायला थोरला मुलगा चाकाची खुर्ची घेऊन आला, तर डोळेच उघडले नाहीत.

"भाऊजी, तुमी त्यांना बोलला तरी काय?" कुसाबाईनं विचारलं. "तुमी गेल्यापासनं असं करायला लागले."

"मी? मी कायबी वावगं नाय बोललो, वहिनी," कोंडाजी म्हणाला. "उलट त्याचंच खरं म्हणून आलो."

त्यानं फोन ठेवला. लताबाई कोथिंबीर निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मयताला गेल्यासारखं बोलत होता तुम्ही तिथं."

"काय?"

"मी ऐकत होते ना. चाळीस वर्षं संसार केला तुमच्याशी. भाजीत मीठ जास्त झालं तर दुसऱ्या दिवशीपर्यंत हुज्जत घालता. तुम्ही कधी कुणाचं ऐकलंय? आणि त्या माणसाचं एकदम ऐकलं. मग त्यानं काय समजावं? डॉक्टर खोटं बोलतील, बायको खोटं बोलेल, पण पगारे हरला म्हणजे आपलं काही खरं नाही."

कोंडाजीनं कपाळावर हात मारून घेतला. आपल्याला दोस्ताची दया आली आणि ती दया त्यानं बरोबर ओळखली. त्याच्या जागी आपण असतो, आणि धोंडीराम येऊन "एस.एल.आर.च चांगली" म्हणाला असता, तर आपणही भिंतीकडेच तोंड केलं असतं. कोंडाजीनं चपला घातल्या.

एस.टी.त खिडकीशी जागा मिळाली. ओझर गेलं, पिंपळगावच्या बाजारातल्या ट्रॅक्टरांच्या रांगा गेल्या, पण त्याला त्यातलं काही दिसत नव्हतं. त्याला दिसत होतं काश्मीरातलं एक लाकूड-मातीचं घर, आणि त्या घराचं बुटकं दार.

ते दोघं तेव्हा ऐन उमेदीत होते. धोंडीराम सेक्शन कमांडर होता. सेक्शनला थोड्या ए.के. आल्या होत्या, आणि कोंडाजीनं ती घ्यायला साफ नकार दिला होता. कंपनीत त्याच्यासारखा नेम कोणाचा नव्हता, आणि त्याची एस.एल.आर., दस्त्यावर रंगवलेला बट नंबर चौदा, त्याच्या खांद्याला इतकी बसली होती की दुसरी रायफल त्याला परक्याच्या घरात निजल्यासारखी वाटायची. धोंडीराम हुकूम देऊ शकला असता. तो फक्त म्हणाला, "तुझी मर्जी."

त्या सकाळी गावाला वेढा पडला, घरं तपासायला सुरुवात झाली. त्या दारातून कोंडाजी वाकून पहिला आत गेला. आत अंधार, उजवीकडे खोलीचं आणखी एक दार. तिकडे काहीतरी हललं म्हणून तो वळला, आणि त्याची लांब नळी चौकटीला अडकली. एवढंच झालं. रायफल पुढेही जाईना, मागेही येईना, आणि कोपऱ्यात फिरन, म्हणजे लांब काश्मिरी झगा घातलेला एक माणूस बंदूक वर उचलत होता. त्याचा चेहरा कोंडाजीला अजून आठवतो. कोवळाच होता.

मागून खांद्याचा धक्का बसला, कोंडाजी भिंतीवर आदळला, आणि त्याच्या कानाशी ए.के. वाजली. तो कान आजही नीट ऐकत नाही.

धोंडीरामनं पडलेल्या माणसाची बंदूक पायानं बाजूला सारली, पण तो तिथं थांबला नाही. तो धावत पलीकडच्या खोलीत गेला. तिथं दोन बायका पोरांना पोटाशी धरून बसल्या होत्या. त्यानं त्यांच्यामागच्या मातीच्या भिंतीवरून तळहात फिरवला, वरपासून खालपर्यंत, एखादं भोक पडलंय का बघत. गोळ्या भिंतीतच थांबल्या होत्या. मग तो बाहेर आला, कोंडाजीच्या रायफलीची चौकटीत अडकलेली नळी त्यानं हळूच सोडवली, आणि म्हणाला, "हे कुठं बोलायचं नाय."

रायफल अडकली हे कळलं असतं तर अंगणात उभ्या पलटणीनं कोंडाजीला चिडवून हैराण केलं असतं. रिपोर्टमध्ये ते आलं नाही. पण कोंडाजीला हलवून टाकणारी गोष्ट पुढची होती. तीस वर्षांच्या भांडणात धोंडीरामनं ते दार एकदाही काढलं नाही. एक वाक्य म्हटलं असतं, "माझ्या ए.के.मुळं तू इथं चहा पितोयस," तर कोंडाजी जागीच गप्प झाला असता. धोंडीराम वादात कितीही तापला, टेबलावर मूठ आपटून उठला, तरी त्यानं मक्याचं शेत काढलं, जिना काढला, लोकांची उदाहरणं दिली, पण ते घर कधी नाही. कधीकधी कोंडाजी मुद्दाम त्याला त्या दिशेला न्यायचा. धोंडीराम तिथून वळसा घालून निघून जायचा.

चांदवडला उतरला तेव्हा कोंडाजीनं रुमालानं तोंड पुसलं आणि छाती काढून चालायला लागला.

"काका, आज नको," तेजस्विनी दारात म्हणाली. "सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नाही."

"म्हणूनच आलोय, पोरी."

ती आणखी काही बोलणार होती, पण मागून कुसाबाईनं तिच्या हाताला धरलं. "जाऊ दे त्यांना," ती म्हणाली.

धोंडीराम भिंतीकडे तोंड करून पडला होता. कोंडाजी आज खाटेवर बसला नाही. खुर्ची ओढून समोर, भिंत आणि खाट यांच्यामधल्या फटीत घुसवून, बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर बसला.

"मी परवा खोटं बोललो," तो म्हणाला. "ए.के. ही रायफल नव्हं. ते फवारणीचं यंत्र हाय. ते घेऊन कांद्यावर औषध मार."

धोंडीरामनं डोळे मिटले.

"मिट डोळे. ए.के.वालेसुद्धा डोळे मिटूनच मारायचे. मॅगझिन रिकामं, आणि माणूस गेला पळून. शंभर यार्डांपलीकडं तुझी गोळी ढिली पडायची. डोंगराच्या पल्याड पळणारे कोणी पाडले? चौदा नंबरनं पाडले."

काही हललं नाही. कोंडाजीनं आवाज चढवला. त्यानं ए.के.चा आवाज काढला, ती नेम सोडून कशी वर उचलली जाते ते हातानं करून दाखवलं, फौजेनं शेवटी लांब काडतूसच परदेशातून मागवलं हे सांगितलं, आणि ज्यांनी ए.के. पसंत केली त्यांच्या अकलेबद्दलही चार शब्द काढले. स्वयंपाकघराच्या दारात पदर खोचून कुसाबाई उभी होती. तिच्या मागे तेजस्विनी बीपीचं यंत्र छातीशी धरून. धोंडीरामचा चेहरा तसाच, दगडासारखा.

कोंडाजीचा दम संपला. मुद्देही संपले. त्याला एकाएकी फार भीती वाटली. या खोलीतून आपण एकटेच बाहेर पडणार, आणि पुढच्या महिन्यात त्या बाकावर शेजारी कोणीही येऊन बसेल, टेकायला घाबरणार नाही. त्याचा आवाज आपोआप खाली आला.

"अरे, हुकमाचं पान तुझ्याच हातात हाय," तो म्हणाला. "तीस वर्षं धरून बसलायस. टाक की खाली. ते दार काढ. माझी नळी चौकटीत अडकली होती, म्हण. एकदा तोंडानं म्हण, मी इथल्या इथं हरतो. खरा हरतो, परवासारखा नाय."

"कोनतं दार?" कुसाबाईनं विचारलं.

कोंडाजीनं वळून तिच्याकडे पाहिलं. तिला माहीत नव्हतं. याच घरात, याच बाईपाशी, एवढ्या वर्षांत त्यानं तेही सांगितलं नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, "काश्मीरात एका घरात आम्ही..."

खाटेवरून घोगरा आवाज आला. धोंडीरामनं डोळे उघडले होते. त्याचा डावा हात वर उठला होता, पंजा उघडा, पुढच्या माणसाला जागीच थांबवताना तो गस्तीवर धरायचा तसा. ओठ एका बाजूनं ओढले गेले, मानेच्या शिरा ताठल्या, लाळ हनुवटीवर आली. ती पुसायला तेजस्विनी पुढे झाली, तर त्यानं तोच हात तिच्याकडे वळवून तिलाही थांबवलं.

"त्ये..." तो म्हणाला. जीभ कुठेतरी अडली. त्यानं पुन्हा जोर लावला. "त्ये... ना... नाय. काडायचं."

कुसाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला.

"का नाय काढायचं?" कोंडाजीनं विचारलं. त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं.

धोंडीरामनं उत्तर दिलं नाही. तो घर सोडून, दार सोडून, नेहमीसारखा वळसा घालून पलीकडे निघाला होता. कपाळावर घाम आला, पण डोळ्यात आता राग होता, चांगला जिवंत राग.

"तु... तुझी गोळी," तो एकेक अक्षर ढकलत म्हणाला. "जड. लय... जड. वाह... वाहून... मरतो... मानूस."

याला उत्तर होतं. कोंडाजीला ते झोपेतही देता आलं असतं. जड आहे म्हणूनच माणूस मोजून मारतो, हे त्यानं त्या बाकावर किती वेळा ऐकवलं होतं. आत्ताही ते त्याच्या ओठांवर आलं, पण शब्द फुटेना. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

धोंडीराम उशीवरून मान उचलून वाट बघत होता. मग त्याचा धीर सुटला.

"बोल... की," तो म्हणाला.